आरोपीच्या दारी मुद्देमाल

गोपिकाचं, म्हणजे माझ्या एकुलत्या एका पोरीचं, लग्न झालं ते साल १९७८. ती बल्लारशाला सासरी गेली आणि त्याच आठवड्यात मी ठरवून टाकलं, आता आपल्या दारात काही म्हणता काही बांधायचं नाही! ना कोंबडी, ना शेळी, ना माया. नवरा आधीच गेलेला, पोरगी उजवलेली. सकाळी टपरीवर चूल पेटवायची, चहा आणि आलूबोंडे विकायचे, संध्याकाळी कढई घासून पडायचं. वाडीतल्या बायकांना मी छाती काढून सांगत असे, "मले आता कोनाचीच कटकट नाही वं! मी मोकळी!"

हा माझा मोकळेपणा श्रावण संपेपर्यंत टिकला.

खरं सांगायचं तर तो मोकळेपणा फार मोठा होता. माझी टपरी अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांसमोर. दिवसभर ट्रकवाल्यांची जत्रा. पण ट्रकवाला चहा पिताना बोलतो ते क्लीनरशी, नाहीतर टायरशी. टपरीवालीशी बोलतो ते एवढंच, "साखर जादा!" संध्याकाळी खोलीचं दार लावलं की असं सामसूम होई, की भिंतीवर पाल चुकचुकली तरी मी विचारून बसे, "काय म्हनतं वं?"

गोदामाच्या मागे एक बैल बांधलेला असे. बाबूलालचा. बाबूलाल आधी बैलबंडीवर गोदामातला माल इतवारीच्या बाजारात पोचवायचा. मग त्याने टेम्पोत भागीदारी घेतली, बंडी मोडली, जोडीतला एक बैल विकला. दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तो टिनाखाली तसाच बांधून ठेवला, एखादी फाटकी ताडपत्री ठेवावी तसा. मनात आलं तर पेंढी टाकायची, नाही आलं तर नाही. त्याच्या फासळ्या मोजायला शाळेत जायची गरज नव्हती. मानेवर जुवाची जखम, तिच्यावर माशांचा बाजार!

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तिकडे राख टाकायला गेले आणि पाहिलं, याचे खांदे कोणी शेकलेच नाहीत. आमच्याकडे त्या दिवशी बैलाची मान गरम पाण्याने धुतात, हळद-लोणी लावून खांदे चोळतात आणि त्याच्या कानाशी दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर राबणाऱ्याला तेवढा मान. माझं माहेर रामटेककडचं, बापाची धानाची शेती. मला भाऊ नव्हता, तेव्हा खांदे शेकायचं काम माझंच होतं. हात शिवशिवले! टपरीवरून गरम पाणी आणलं, हळद आणली. लोणी कुठलं? आलूबोंड्याचं तेल होतं, तेच घेतलं. मान धुतली, खांदे चोळले आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

बैलाने एक मोठा सुस्कारा सोडला. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुरणपोळी लाटत होते आणि दारात अंधार झाला. पाहते तर बैल! गळ्यात दोर, दोराला खुंटा, खुंट्याला मातीचा ढेकूळ. माझ्या तेलाच्या वासावर आला की शब्दावर आला, ते त्यालाच ठाऊक. शेजारची यमुताई ओरडली, "वं तुळजाबाई! तुयाकडं पाव्हना आला वं, खुंट्यासकट!"

आता तुम्हीच सांगा, बोलावलेल्या पाहुण्याला दारातून कसं हाकलायचं? आठ पोळ्या खाल्ल्या त्याने. त्यातल्या चार माझ्या होत्या. खाऊन दारातच बसला. रात्री बाहेर त्याच्या रवंथाचा आवाज येत होता आणि मला कितीतरी दिवसांनी बिनघोर झोप लागली.

बाबूलाल दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. बैल नाही हे त्याला ठाऊकच नव्हतं! मी बैलाची जखम धुऊन हळद-तेल भरत होते, पेंढी घालत होते. त्याचा मालक येईल, दोन शब्द बोलेल, घेऊन जाईल, असं मनाशी म्हणत होते. आठवडा गेला. मग यमुताईच्या जिभेने घात केला. टपरीवर भर गर्दीत तिने बाबूलालला गाठलं. "काहून गा बाबूलाल, तुया बैल तं आता सासुरवाशिणीवाणी तुळजाबाईच्या घरी नांदून राहिला! तुले पत्ता तरी हाये का?"

सगळे ड्रायव्हर हसले. माणूस उपाशी बैल विसरतो, पण चारचौघांत झालेलं हसं विसरत नाही. बाबूलाल तडक चौकीत गेला. चोरी!

मला बैलासकट चौकीत बोलावलं. तिथे नत्थू हवालदार होता. पोट मोठं, पेन्सिल छोटी.

"बैल काहून नेला?"

"नेला नाही जी. आवतण देलं होतं."

"कोनाले?"

"बैलाले."

पेन्सिल थांबली. "काय म्हणून?"

"उद्या जेवाले ये म्हणून."

"मंग?"

"मंग तो आला."

"जेवला?"

"आठ पोळ्या."

"अन् वापस काहून नाही गेला?"

"पाव्हन्याले जाय कसं म्हनू जी?"

हवालदाराने बैलाच्या मानेचा वास घेतला. एकदा घेतला, पुन्हा घेतला. "आलूबोंडा!" तो म्हणाला आणि लिहू लागला. मला वाटलं, माझ्याबद्दल काहीतरी बरं लिहितो आहे. लिहिलं ते असं निघालं, की आरोपी बाईने मुद्देमाल बैलास खाद्यतेल फासून व जेवणाचे आमिष दाखवून पळविले! माझा अंगठा त्याखाली.

बैल चौकीत जमा झाला. त्या चौकीसमोर ठाणेदारसाहेबांनी स्वतःच्या हाताने लावलेली जाईची वेल होती. दुसऱ्या दिवशी नव्हती. कोंडवाड्यात न्यावं, तर तिथला माणूस म्हणाला, चाऱ्याचे पैसे आधी भरा. बाबूलाल म्हणाला, मी काहून भरू? सरकार म्हणालं, आम्ही काहून भरू? असा तो बैल कोणाचाच न होता सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात हजर झाला आणि बाहेर निंबाला बांधला गेला.

माझ्याकडे वकिलाला द्यायला काही नव्हतं, म्हणून सरकारने एक वकील दिला. बोरकुटे नाव. कोट बापाचा, मिशी नुकतीच आलेली, आपली पहिलीच केस म्हणून त्यांच्या डोळ्यांत नुसती चमक!

साहेब, म्हणजे न्यायाधीश, म्हणाले, "केस चालेपर्यंत बैल फिर्यादीने सांभाळावा."

बाबूलाल उडालाच. "साहेब, चोर ती, अन् चारा मी देऊ? हा कोनता कायदा?"

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने हात जोडले. "साहेब, चौकीत आता एकच झाड उरलं आहे."

"मग ठेवायचा कुठे? आरोपी ठेवेल काय?"

"ठेवतो न जी!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेर बैलानेही मान वर केली असेल.

सुपूर्दनामा झाला. तेव्हा मला अक्षर ओळखू येत नव्हतं, ते पुढे पन्नाशी उलटल्यावर प्रौढ वर्गात आलं. बोरकुटे वकिलांनी वाचून दाखवलं. बैलाला नीट सांभाळायचं, विकायचं नाही, दर तारखेला कोर्टात हजर करायचं. मी अंगठा दिला आणि चोरीचा माल कोर्टाच्या शिक्क्यानिशी चोरच घरी घेऊन चालली! अख्ख्या अमरावती रोडने मी मान ताठ ठेवून चालत आले. बैलाला नाव नव्हतं. कोर्टाने जे म्हटलं तेच पडलं. मुद्देमाल!

मुद्देमालाचं ऐकणं फार चांगलं होतं. मध्ये बोलत नसे, सल्ला देत नसे, फक्त कान हलवी. संध्याकाळी कढई घासता घासता मी त्याला दिवसभराचं सांगे. कोणत्या ड्रायव्हरने उधारी बुडवली, कुठला रस्ता खचला. दिवाळीला गोपिका येणार होती, ती आली नाही, तेही पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. यमुताईला सांगितलं असतं तर ती "अरेरे" म्हणाली असती. तो काहीच म्हणाला नाही. मी त्याच्या पाठीला टेकून बसले आणि फराळाचा डबा आम्ही दोघांनी संपवला. जास्त त्यानेच.

दुसऱ्या तारखेला बोरकुटे वकील धावत आले. "तुळजाबाई, आपण जिंकणार! चोरीचा हेतूच नाही. तुम्ही निर्दोष सुटणार!"

"अन् मुद्देमाल?"

"तो बाबूलालला परत मिळेल. मालक तोच ना!"

"अन् हारलो तं?"

"तर तुम्हाला शिक्षा."

"अन् बैल?"

"बाबूलालला."

म्हणजे ही गाडी कुठूनही हाका, बाबूलालच्या दारातच थांबणार! मी वकिलाचा कोट धरला. "मंग मले सोडवू नका जी! अन् हरवूबी नका. नुसती तारीख घ्या!"

"अहो, असं कसं? काहीतरी कारण लागतं."

"तुमी आजारी पडा न."

"मी?"

"मंग मी पडतो!"

त्या दिवसापासून मी आणि वकील आळीपाळीने आजारी पडू लागलो. मला संधिवात झाला, त्यांना पडसं झालं. मला चक्कर आली, त्यांची आजी वारली. पुढच्या खेपेला पुन्हा आजी वारली, तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पण तारीख दिली. प्रत्येक तारीख मिळाली की मी बाहेर येऊन मुद्देमालाच्या कानात सांगे, "चाल, घरी!" परत जाताना फुटाळा तलावावर तो पाणी पिई. मी काठावर बसून राही. घाई कोणाला होती?

पण सुखी माणूस लपतो, सुखी बैल लपत नाही. मुद्देमाल भरला! पाठ चकचकीत, मान अशी की हार घालावासा वाटावा. बाबूलाल तारखेला आला आणि निंबाखाली बैलाभोवती फिरू लागला, मुलगी पाहायला आलेल्या वरबापासारखा.

"बाई," तो एकदम गोड आवाजात म्हणाला, "आपण काहून भांडून राहिलो? मी केस वापस घेतो. तुमी बी सुटल्या, मी बी सुटलो. बैल घेऊन जातो."

"कुठं?"

"बाजारात. आता याले भाव येते न."

भाव मी आणला होता, पेंढी पेंढी घालून! तडजोडीला साहेबांची परवानगी लागेल, पुढच्या तारखेला बोलू, असं वकिलांनी कसंबसं म्हटलं. मी घरी येऊन यमुताईपुढे रडले.

"रडते काय वं?" यमुताई म्हणाली. "मरतुकडा दिसला तं कोन नेते त्याले? दिसू दे मरतुकडा!"

तारखेच्या दिवशी पहाटेच आम्ही दोघी कामाला लागलो. चुलीतली राख अंगभर चोळली. गेरूच्या जखमा काढल्या, वरून कणकेच्या पाण्याची साल चढवली. पाठीवर गोणपाट. यमुताई म्हणाली, "डोयाखाली काजळ लाव, जागरन केल्यावाणी दिसते!" तेही लावलं. मी त्याला लंगडायला शिकवलं. तो काही शिकला नाही, पण शिकवता शिकवता मीच लंगडू लागले. आम्ही निघालो ते असे, की रस्त्यात एका म्हातारीने बैलाला हात जोडले आणि मला म्हणाली, "घरी नेऊन मरू दे वं त्याले."

बाबूलालने पाहिलं आणि तोंड फिरवलं. काम फत्ते!

पण साहेब तडजोड लिहायच्या आधी मुद्देमाल पाहायला स्वतः व्हरांड्यात आले. पाहिलं आणि कडाडले, "ही काय दशा केली आहे? उपाशी ठेवता? जखमांना औषध नाही? सुपूर्दनाम्याचा भंग आहे हा! बैल आत्ताच्या आत्ता हिच्याकडून काढून घ्या. आणि हिच्यावर दुसरी केस करा!"

हवालदार दोराकडे निघाला. वाचवायला नेलेल्या बैलाला छळल्याची केस! कोर्टाचा शिपाई दादाजी नळावर बादली भरत होता. मी ती हिसकावली आणि सबंध मुद्देमालावर ओतली. दुसरी भरली, तीही ओतली. राख वाहिली, गेरू वाहिला, काजळ वाहिलं. कोर्टाच्या आवारात रंगपंचमी! आणि त्या चिखलातून माझा मुद्देमाल असा निघाला, जसा पाण्याचा पितळी गुंड चिंचेने घासून काढावा.

बाबूलालचा जबडा खाली आला होता.

"बाई," साहेबांनी हळूच विचारलं, "हा काय प्रकार आहे?"

मी ओल्या पदराने तोंड पुसलं. "साहेब, हा धडधाकट दिसला का बाबूलाल नेते, बाजारात उभा कराले. मरतुकडा दिसला का तुमी नेता. आता तुमीच सांगा जी, मी याले किती जाडा ठेवू?"

साहेबांनी रुमाल काढून तोंडावर धरला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मग रुमालामागूनच म्हणाले, "तडजोड नामंजूर. पुढची तारीख!"

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. बोरकुटे वकिलांना चंद्रपूरकडे नोकरी लागली, आणि ८० सालच्या पावसाळ्यात बाबूलाल काविळीने गेला. बायको माहेरी जबलपूरकडे निघून गेली. मला वाटलं सुटले, तर यमुताई म्हणाली, "आता तं अजून कठीन! आता बैल वारसाचा झाला. कोनी काका निंगन, कोनी पुतन्या निंगन!"

पुढच्या तारखेला मी एकटी. साहेब नवे. त्यांनी माझं नाव पुकारलं आणि इंग्रजीत काहीतरी झरझर वाचलं, पापड तळून काढावेत तसं. दाखवतील तिथे अंगठा दिला. बाहेर आले, दादाजी शिपायाला हात जोडले आणि विचारलं, "दादाजी, पुढची तारीख पडली न?"

दादाजीने माझ्याकडे पाहिलं. निंबाखालच्या बैलाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या आलूबोंड्याच्या पुड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पडली. पुढच्या महिन्यात, बारा तारीख."

मग तारखा पडतच गेल्या. मी मुद्देमालाला घासून-पुसून निघे, कोर्टात निंबाखाली उभी राही. दादाजी म्हणे, "तुमी आत नका येऊ, लागलं तं मी बोलवतो." संध्याकाळपर्यंत कोणी बोलवत नसे. मी पुडा देई, दादाजी तारीख देई. प्रत्येक वेळी जाताना भीती, आज नेतील काय? आणि येताना अंगात बळ, आजचा दिवस तर वाचला! कोर्टातले लोक ओळखू लागले होते. "काय म्हणते मुद्देमाल?" असं वकील विचारत. माझ्याबद्दल तेवढं विचारणारं वाडीत कोणी नव्हतं.

शेवटी मुद्देमाल म्हातारा झाला. उठेना, मग खाईना. आलूबोंडा नाकाशी धरला, तो नुसता हुंगला. मी समजले.

तो गेला आणि यमुताई डोळे पुसता पुसता म्हणाली, "आता वं? तारखेले काय हजर करशीन? तुले जेल होते न!"

ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तारखेला टपरी बंद केली. पिशवीत दोन लुगडी, फणी आणि चटणी भरली. पहिल्यांदा सिटी बसने गेले. मुद्देमालाशिवाय तो रस्ता चालवेना.

दादाजी स्टुलावर बसला होता. मी पिशवी खाली ठेवली. "दादाजी, मले आत घेऊन चाला. मुद्देमाल मेला. आता काय शिक्षा असन ते घेतो."

दादाजीने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बाई, कोनती शिक्षा? तुमची केस तं कधीचीच सुटली."

"कधी?"

"बाबूलाल मेला न, त्याच्या पुढच्याच तारखेले. साहेबानं इंग्रजीत वाचलं तेच ते. तुमी निर्दोष. बैल मागाले कोनी नाही, तवा बैल बी तुमालेच देला."

"म्हणजे बैल माझा होता?"

"हाव."

"अन् तारखा?"

दादाजीने जमिनीकडे पाहिलं. "केस सुटली का, असं तुमी इचारलंच नाही, बाई. तुमी हात जोडून इचारलं, तारीख पडली न? तुमचं तोंड पाहून नाही म्हनवलं नाही. अन् मंग... बोंडे बी चांगले असत."

मला हसू आलं की रडू, ते मलाच कळलं नाही. इतक्या खेपा मी माझ्याच बैलाला माझ्याच बैलासाठी कोर्टात नेत होते, तेही भुरट्या चोरासारखी घाबरत! पिशवी उचलली. फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर रिकामी बस उभी होती, वाडीची पाटी लावलेली. तिच्यात चढायचं आणि घरी जायचं. घरी जाऊन काय करायचं?

मी परत फिरले.

"दादाजी," मी म्हणाले, "तरी पण... पुढची तारीख?"

दादाजीने जराही न हसता बोटांवर हिशोब केला. "सोळा. अन् बोंडे गरम आना."

सोळाला मी गेले. निंबाखाली बसून आले.

मुद्देमाल वारला तो १९८२ साली, होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी, माझ्या दारात.